पिन माझ्या मुठीत होती

या ग्रुपवर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरात पावलं वाजतात, दिवे आपोआप लागतात… आणि त्या प्रत्येक अनुभवाखाली "आधी वायरिंग तपासून घ्या" असं लिहिणारा एक आगाऊ माणूस असतो. तो मीच. एका बाईंनी त्यांच्या वारलेल्या सासऱ्यांचा रेडिओ लागल्याचं लिहिलं होतं, त्यांना मी 'सेल बदलून बघा' असं उत्तर दिलं होतं. त्या बाई हे वाचत असतील तर त्यांनी पोटभर हसून घ्यावं, माझी काही तक्रार नाही.

भूतखेत, नजर, करणी असलं काही मी कधी मानलं नाही. घरात सगळे सिद्धेश्वराचे भक्त. त्याच्या गड्ड्याच्या यात्रेला मीही दरवर्षी जातो, पण खरं सांगायचं तर भजी खायला जातो. देवाचं देवाला आणि विजेचं विजेला, असा आपला सरळ हिशोब होता.

तर जागा सांगतो. जुळे सोलापूर, चार मजली बिल्डिंग, खाली खांबांवरचं पार्किंग, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आम्ही म्हणजे मी, बायको महानंदा आणि माझी आत्या. मी एका टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्याकडे ऑफिस सांभाळतो. आत्या मूळची वळसंगची. माझी आई मी लहान असताना गेली, तेव्हापासून मला हिनंच वाढवलं. तिला स्वतःचं मूलबाळ नाही. मराठी बोलता बोलता मधेच कन्नडमध्ये शिरते आणि पन्नाशी उलटून गेलेल्या मला अजून 'तम्मा' म्हणजे बारक्या म्हणून हाक मारते. तिला दमा आहे. दम लागला की नेब्युलायझर लावावा लागतो. म्हणजे ते घरघरणारं मशीन, ज्यातून औषधाची वाफ मास्कमध्ये येते. ते चालतं विजेवर, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कशी वागते ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

महानंदा कधीपासून मागे लागली होती. "अहो, घराला इन्व्हर्टर बसवून घ्या ना. आत्याबाईंचं मशीन आहे, कधी काय होईल सांगता येत नाही."

"खाली एवढी हायब्रिड गाडी उभी आहे की! चालतं-फिरतं पॉवर हाऊस आहे ते," असं मी म्हणायचो. आणि ते खोटं नव्हतं हो. गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा इन्व्हर्टर मी गाडीतच आणून ठेवला होता. गाडी चालू केली, त्याची पिन सॉकेटमध्ये घातली, की नेब्युलायझर मजेत चालायचा. एकदा करून दाखवलं होतं. सगळी बिल्डिंग बघायला आली होती.

त्या गाडीपायी मला बिल्डिंगमध्ये 'बॅटरी सर' म्हणायला लागले. त्याचं असं आहे… हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी ओढते. छोटी, साधी बारा व्होल्टची, ती गाडीला फक्त जागं करते. मोठी गळ्यापर्यंत भरलेली असली तरी छोटी मेली की गाडी उठत नाही, संपला विषय. आणि त्या छोटीला मारतो कोण? आपणच. चार्जर, अत्तराचं मशीन, हवा भरायचा पंप, देवासमोरचा चमचमता दिवा… जे जे आपण सॉकेटमध्ये खुपसून ठेवतो ते गाडी उभी असतानाही तिला पीत राहतं. कंपनीचं सॉकेट तसं गाडी बंद केली की बंद होतं. पण मी शहाणा. गाडी उभी असतानाही डॅशकॅमचं रेकॉर्डिंग चालू राहावं म्हणून ते सॉकेट कायम चालू राहील असं करून घेतलं होतं. करून घेतलं ते घेतलं, वर सगळ्यांना सांगत सुटलो होतो की उतरताना आधी पिन काढा, मग दार लावा.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये श्रीनिवासराव राहतात. पद्मशाली कुटुंब, घरात तेलुगू, माझ्यापेक्षा वयानं बरेच लहान, पण भला माणूस. या ग्रुपची लिंक मला त्यांनीच दिली. मेच्या त्या दिवशी सकाळी त्यांची साधी पेट्रोल गाडी उठेना. मोबाईलचा चार्जर लावून तसाच ठेवलेला. मी जम्प स्टार्टर आणून त्यांची गाडी चालू करून दिली, इथवर ठीक होतं. पण नंतर मी बिल्डिंगच्या ग्रुपवर चांगला लांबलचक मेसेज टाकला. नाव घेऊन. 'शिकल्या-सवरलेल्या माणसांना एक पिन काढायची आठवण राहत नाही, कमाल आहे.' त्यांनी खाली नुसतं 'सॉरी सर' लिहिलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे आज लिहिताना तोंड लपवावंसं वाटतं.

त्या आधीच्या दिवशी आम्ही वळसंगला जाऊन आलो होतो. येताना आत्याच्या पुतण्यानं घट्ट दही दिलं. गाडीत माझा प्लगवर चालणारा थंड डबा आहे, त्यात ठेवून आणलं. घरी आल्यावर दही काढून महानंदाच्या हातात दिलं, डब्याचं झाकण लावलं, आणि तेवढ्यात फोन आला. ऑफिसातल्या एकाची गाडी सुरू होत नव्हती. मी त्याला बॅटरी कशी जपावी हे समजावत समजावत जिना चढलो. डबा रिकामा, पिन सॉकेटमध्ये, डबा चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी जम्प स्टार्टर काढायला आणि परत ठेवायला गेलो तेव्हा डिकी उघडली, बंद केली, पुढे डोकावलोसुद्धा नाही. डिकी उघडण्यापुरता जीव तेव्हा तिच्यात शिल्लक असणार.

दुपारी जेवणं झाली. सोलापुरातली मेची दुपार, रस्त्यावर कुत्रंही नाही. कोपऱ्यावरच्या डीपीतून मोठा आवाज आला आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. थोड्या वेळानं आत्याचा श्वास वाजायला लागला. आधी तिचा नेहमीचा दम्याचा पंप दिला. उपयोग होईना. ओठ वेगळेच दिसायला लागले.

महानंदा म्हणाली, "अहो, खाली जा, गाडी चालू करा. मी मशीन घेऊन येते."

मी चावी घेऊन धावलो. बटण दाबलं, दार उघडेना. म्हटलं चावीचा सेल गेला असेल. चावीच्या पोटातली खरी चावी काढून दार उघडलं. आतला दिवा लागला नाही. स्टार्टचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. डॅशबोर्ड काळाठिक्कर. मग सॉकेटकडे लक्ष गेलं आणि त्या डब्याची पिन दिसली…

आधी काय केलं असेल मी? ती पिन उपसली आणि डबा मागच्या सीटखाली ढकलला, कुणी बघायच्या आत. आत्या वर तडफडतेय आणि मी डबा लपवतोय!

तेवढ्यात श्रीनिवासराव जिन्यातून धावत खाली आले. हातात त्यांच्या गाडीची चावी. "सर, आजींना लई त्रास होतोय. माझी गाडी काढू का? सरळ दवाखान्यात नेऊ, दहा मिनिटांचा रस्ता आहे."

या ठिकाणी मला थांबावं लागतंय. तो माणूस समोर उभा होता, त्याची गाडी चालू होती — सकाळी मीच चालू करून दिलेली. एक 'हो' म्हणायचं होतं. पण त्यानं विचारलं असतं ना, 'तुमच्या गाडीला काय झालं?' आणि सकाळी मी ग्रुपवर काय लिहिलं होतं…

मी म्हणालो, "गरज नाही. गाडी रेडी आहे. आणा खाली."

मनात एवढंच होतं की डिकीत जम्प स्टार्टर आहे, ती लोकं खाली येईपर्यंत लावून टाकू. ते वर पळाले. मी मागे गेलो, डिकीचं बटण दाबलं. उघडेना. उघडणार कशी? हायब्रिडची डिकी विजेवर उघडते, आणि वीज द्यायची ती छोटी बॅटरीही त्याच डिकीत! दुसऱ्यांना शंभरदा सांगितलेली गोष्ट. मी हातानं डिकी हिसडत होतो, घामानं डोळे चुरचुरत होते, आणि जिन्यात पावलं वाजत होती.

अजूनही ओरडून सांगता आलं असतं. नाही सांगितलं. उलट मागच्या सीटवरचा टॉवेल घेतला आणि डॅशबोर्डवर पसरला, काळी स्क्रीन कुणाला दिसू नये म्हणून.

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आत्याला खाली आणलं. एका बाजूला श्रीनिवासराव, दुसऱ्या बाजूला वॉचमन, मागे मशीन घेऊन महानंदा. आत्याला पुढच्या सीटवर बसवलं. तिचा हात गळ्यातल्या लिंगावर घट्ट होता आणि डोळे माझ्यावर. श्वास घेताना तिचे खांदे वर जात होते. महानंदानं मशीनची वायर इन्व्हर्टरला जोडली, मास्क तिच्या तोंडावर बसवला आणि मशीनचं बटण दाबलं.

मशीन सुरू झालं.

नेहमीसारखं, घर्र करून. मास्कमध्ये पांढरी वाफ आली. आत्यानं ती ओढली.

आणि इन्व्हर्टरची पिन माझ्या हातात होती. सॉकेटमध्ये घालायला म्हणून मी ती उचलली होती, घालायची होती, घातली नव्हती. इन्व्हर्टर सीटवर पडलेला, त्यावरचा हिरवा दिवा विझलेला, त्याची वायर माझ्या हातापर्यंत आलेली आणि हातात पिन. तिच्यापुढे काहीही नाही. पिन कशातच नाही हो! आणि तिकडे मशीन चालू…

मी मूठ मिटली. लोकांना दिसू नये म्हणून हात पाठीमागे नेला. पिन आता सॉकेटमध्ये घालायची छातीच झाली नाही. वाटलं, काही हललं तर बंद पडेल.

श्रीनिवासराव कौतुकानं म्हणाले, "काय आवाज नाही ना सर गाडीचा! चालू आहे की बंद, कळतच नाही. हायब्रिडची हीच मजा आहे."

मी नुसती मान हलवली.

आत्याचे खांदे हळूहळू खाली आले. ओठांवर रंग आला. महानंदा तिची पाठ चोळत "झालं हं आत्याबाई, झालं" म्हणत होती आणि रडत होती. औषध संपत आलं तेव्हा कोपऱ्यावर कुणीतरी शिट्टी मारली, वॉचमनच्या केबिनमधला पंखा फिरायला लागला. वीज आली. आणि त्याच वेळी मशीन बंद पडलं. बटण चालूच होतं, कुणी हात लावला नव्हता.

सगळे वर गेल्यावर मी पिन सोडली. तळहातावर तिचा लाल वण उठला होता. संध्याकाळी मागची सीट पाडून, आत सरपटत जाऊन आतूनच डिकी उघडली आणि मीटर लावलं. बॅटरी चार व्होल्टच्याही खाली. इन्व्हर्टर दहाच्या खाली आला की बोंबलून बंद होतो, आणि तो तर जोडलेलाच नव्हता. नेब्युलायझरमध्ये आतली बॅटरी असेल असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो असतो. कंपनीच्या माणसाकडून उघडून बघितलं. नाही. नंतर कितीतरी वेळा तसंच सगळं मांडलं, मशीन इन्व्हर्टरला, पिन मुठीत. हूं की चूं नाही. वायरिंग तपासलं. हो, मीच तपासलं.

महानंदाला त्याच रात्री सांगायला हवं होतं. पण ती आल्या-गेल्याला सांगत होती, "ह्यांच्यामुळं वाचल्या आत्याबाई." बोलणार काय? आणि मग कहर झाला. रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग होती. चेअरमननी माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, वर फेटा! फेटा बांधणारा माणूस खास बोलावलेला. श्रीनिवासरावांच्या हस्ते शाल. त्यांनी ती माझ्या खांद्यावर घातली आणि वाकून नमस्कार केला. मी चादरीच्या धंद्यातला माणूस, हयातीत हजारो शाली हाताळल्या असतील, पण त्या शालीचं ओझं मला सहन होईना.

चेअरमन म्हणाले, "सरांनी आता दोन शब्द मार्गदर्शन करावं."

आणि मी केलं! काय निर्लज्जपणा… फेटा बांधून उभा राहिलो आणि बोललो. उतरताना सॉकेटमधली प्रत्येक वस्तू काढा. गाडी नुसती अर्धवट चालू ठेवून गाणी ऐकत बसू नका. चावी गाडीपासून लांब ठेवा, नाहीतर गाडी झोपतच नाही. डॅशकॅम लावायचा असेल तर बॅटरी उतरली की आपोआप बंद होणारा लावा. बरेच दिवस गाडी काढणार नसाल तर मधूनमधून चालू करून ठेवा. सगळं बरोबर, एक शब्द चुकीचा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत आत्या बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, आणि माझ्याकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे मी घराला इन्व्हर्टर बसवला. महानंदा म्हणाली, "आता कशाला? गाडी आहे की." मी म्हटलं, असू दे. सॉकेटची वायरही होती तशी करून घेतली. गाडी लागली की पिन काढतो, दार लावतो, परत दार उघडून बघतो. पण त्यानं पोटातलं काही हललं नाही.

परवा दुपारी महानंदा बाजारात गेली होती. आत्या चटणीसाठी शेंगा सोलत बसली होती, मी तिच्यासमोर बसून मदत करत होतो. ती एकदम म्हणाली,

"तम्मा, त्या दिवशी गाडी बंद हुती न्हवं?"

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"पार्किंगात कुटलं ऊन रे, डॅशबोर्डावर टॉवेल टाकायला? आन् मूठ मिटून हुभा हुतास. ल्हानपणी गूळ चोरून खाल्लास की असाच हुभा राहायचास. मी पिन बगितली की."

मग मी सगळं सांगितलं. डबा, डिकी, श्रीनिवासरावांना नाही म्हटलं ते. सांगताना रडू आलं, ते लपवलंही नाही. शेवटी विचारलं, "आत्या, मशीन कशावर चाललं गं?"

"मला काय ठावं? मला वाफ मिळाली, मी घेतली. सिद्धेश्वराला इचार."

"आणि तुला दिसत होतं, तर बोलली का नाहीस? 'मला त्याच्या गाडीत घाला' असं म्हणायचं ना!"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"दम असता तर बोलली असती की."

मी म्हटलं, "नंतर तरी… सत्काराच्या वेळी…"

"तवा तू फेटा बांधून हुभा हुतास. लई शोभत हुता," ती म्हणाली. "साकु, पुरे आता. शेंगा सोल."

मशीन कशावर चाललं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, 'वायरिंग तपासा' असं लिहिलंत तरी राग मानणार नाही. पण हे लिहायला बसलो ते त्या उत्तरासाठी नाही.

श्रीनिवासराव, तुम्ही हा ग्रुप रोज वाचता. तोंडावर सांगायला दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो आणि बेल न वाजवता परतलो. गाडी रेडी नव्हती. तुम्ही चावी घेऊन उभे होता आणि मला तुमच्यासमोर चुकलो म्हणायचं नव्हतं, एवढंच कारण होतं. शाल धुऊन, घडी करून ठेवली आहे. आज संध्याकाळी घेऊन येतो, दार उघडा.